रविवारी जिंकता, स्पर्धेत हरता: चौथा डेक घेण्याआधी हे करा

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. नागपुरात धरमपेठेत तुम्ही पाच मित्र दर रविवारी पोकेमॉन टीसीजी (पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ) खेळता आणि त्यांत बहुतेक वेळा तुम्हीच जिंकता. त्याच खेळाच्या ॲपवर रोज दोन तास जातात. पुणे-मुंबई मिळून तीन स्पर्धा खेळलात आणि तिन्हींत पाच राउंडपैकी दोन जिंकून तीन हरलात. दर वेळी परत आल्यावर डेक, म्हणजे खेळायला निवडलेला ६० कार्डांचा संच, बदललात. आता चौथा डेक कोणता घ्यावा, असं विचारताय.

डेकचं उत्तर शेवटी देतो, कारण तुमची अडचण तिथे नाही. आधी नशिबाचा वाटा किती ते पाहू. एखादा खेळाडू दर गेम ५५ टक्के शक्यतेने जिंकतो असं धरलं, तर तीनपैकी दोन गेमची मॅच तो साधारण ५७.५ टक्के वेळा जिंकेल. बरोबरी बाजूला ठेवली, तर पाच राउंडमध्ये दोन किंवा त्याहून कमी विजयांवर थांबण्याची त्याची शक्यता सुमारे ३६ टक्के येते. म्हणजे चांगला खेळणाराही तीनांतल्या एका स्पर्धेत असा परत येतो. एकदाच झालं असतं तर मी मनावर घेऊ नका म्हटलं असतं. पण सलग तीन स्पर्धांत तसं होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्याही आत येते. तेव्हा काहीतरी खरोखर अडतंय, आणि तीन वेगळ्या डेकांसह तेच अडतंय.

माझ्या मते अडतंय ते असं. तुमच्या चुका तुम्हाला दिसत नाहीत, कारण त्या पकडणारं समोर कोणी नाही. चारही मित्रांचे डेक तुम्हाला पाठ आहेत, कोण कधी घाबरतो, कोण एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायचं कार्ड) कुठे लावतो हेही ठाऊक आहे. त्या माहितीवर तुम्ही जिंकता आणि त्याच वेळी केलेली चूक विजयाखाली झाकली जाते. पुण्याच्या टेबलावर समोर अनोळखी माणूस बसतो. तो ती चूक सोडत नाही, की झालं. मुंबईत दर आठवड्याला नवीन माणसांशी खेळणाऱ्याला हे आपोआप शिकायला मिळतं. नागपुरात तुम्हाला ते मुद्दाम घडवावं लागेल.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य. परीक्षा तोंडावर असेल तर खाली दिलेलं वेळापत्रक निम्मं करा. मित्रांपैकी फक्त दोघांनाच स्पर्धेत रस असेल, तर उरलेल्यांवर सरावाचं ओझं टाकू नका, त्यांच्याशी मजेत खेळा. आणि मॅजिक किंवा यू-गी-ओ खेळणारे हे वाचत असतील तर एक फरक लक्षात ठेवा. त्या खेळांत दोन गेमांच्या मध्ये १५ कार्डांच्या साइड डेकमधून अदलाबदल करता येते. पोकेमॉनमध्ये तशी सोय नाही. तीच ६० कार्डं घेऊन दिवसभर बसायचं असतं, म्हणून इथे समोरच्याप्रमाणे डेक नाही, बेत बदलावा लागतो.

सुरुवात वहीपासून करा. साधी शंभर पानी वही पुरे. प्रत्येक मॅचनंतर चार गोष्टी लिहा: समोरचा डेक, तुम्ही पहिले होता की दुसरे, गेम कोणत्या टर्नला फिरला, आणि तुमची एक चूक एका वाक्यात. जिंकलेल्या मॅचचीही चूक लिहायची, त्यात सूट नाही. “पत्ते आले नाहीत” हे वाक्य वहीत चालणार नाही, कारण त्यावर करण्यासारखं काहीच नसतं. त्याऐवजी “दुसऱ्या टर्नला रिसर्च खेळलो, हातातली बॉसेस ऑर्डर्स फेकली गेली” असं लिहा. (रिसर्च म्हणजे प्रोफेसर्स रिसर्च, हातातली बाकी कार्डं फेकून नवीन सात ओढायचं कार्ड. बॉसेस ऑर्डर्स समोरच्याचा मागे बसलेला पोकेमॉन पुढे ओढतं.) वीस मॅच झाल्या की चुकांचे गट पाडा: पत्ते खेळण्याचा क्रम, प्राइजचा हिशोब (सुरुवातीला उलटी बाजूला ठेवलेली सहा कार्डं, समोरचा पोकेमॉन पाडला की त्यांतून घ्यायची आणि सहाही घेतली की जिंकलात), घाई, समोरच्या डेकची माहिती नसणं. बहुतेक नव्या खेळाडूंच्या वहीत पहिले दोन गट निम्म्याहून जास्त जागा खातात, म्हणून त्या दोघांवर जरा जास्त बोलतो.

क्रम कसा चुकतो ते एका हातावर पाहू. तुम्ही दुसरे आहात, तुमचा पहिला टर्न. एक बेसिक (उत्क्रांत न झालेला, थेट मांडता येणारा) पोकेमॉन ॲक्टिव्ह, म्हणजे लढणाऱ्याच्या जागी बसलाय. टर्नचं कार्ड ओढल्यावर हातात सात कार्डं आहेत: नेस्ट बॉल, अल्ट्रा बॉल, प्रोफेसर्स रिसर्च, बॉसेस ऑर्डर्स आणि तीन एनर्जी. हात आवडला नाही म्हणून घाईत रिसर्च खेळलात तर बाकीची सहाच्या सहा कार्डं फेकून नवीन सात ओढाल, आणि दोन बॉल फुकट जातील.

नीट खेळायचं तर आधी नेस्ट बॉल. तो डेकमधला बेसिक थेट बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव जागी आणतो, पण त्याहून मोलाचं म्हणजे डेक उघडून पाहायला मिळतो. प्राइजमध्ये काय अडकलंय ते इथेच मोजून घ्यायचं. आता समजा डेकमध्ये बॉसेस ऑर्डर्स एकूण तीन आहेत, एक हातात आहे आणि डेक चाळताना बाकीच्या दोन दिसल्या. मग हातातली गेली तरी चालेल. एकच दिसली, तर रिसर्चआधी जरा थांबून विचार करायचा. एकही दिसली नाही, म्हणजे दोन्ही प्राइजमध्ये आहेत, तर रिसर्च खेळणं हा मोठा निर्णय आहे, सवयीने करायची गोष्ट नाही.

डेक पाहून कोणता पोकेमॉन पुढे न्यायचा हे ठरलं की एक एनर्जी त्याला लावा. नेस्ट बॉलच्या आधी लावली असती तर ती आंधळेपणाने लावली असती. आता हातात रिसर्च धरून पाच कार्डं आहेत: अल्ट्रा बॉल, रिसर्च, बॉसेस ऑर्डर्स आणि दोन एनर्जी. डेकमधून कोणताही पोकेमॉन हातात आणणाऱ्या अल्ट्रा बॉलला दोन कार्डं फेकावी लागतात आणि एरवी ती किंमत टोचते. पण पुढे रिसर्च खेळायचीच असेल तर त्या दोन एनर्जी नाहीतरी जाणारच होत्या, म्हणून इथे अल्ट्रा बॉल जवळजवळ फुकट पडतो. त्यातून काय आणायचं? मोठा उत्क्रांत पोकेमॉन आणायचा मोह होतो. तो आणलात तर पहिल्या टर्नला उत्क्रांती करता येत नाही, म्हणून तो हातातच राहील आणि लगेच रिसर्चमध्ये फेकला जाईल. बेसिक आणा, बेंचवर ठेवा, तो वाचतो. मग शेवटी रिसर्च.

हात तोच, कार्डंही तीच. घाई केली तर रिकामा बेंच मिळतो. क्रमाने खेळलात तर दोन पोकेमॉन बेंचवर, एनर्जी योग्य जागी, प्राइजची माहिती डोक्यात आणि वर सात नवीन कार्डं. याचा सराव एकट्यानेही होतो. रोज पाच हात वाटा, पहिला टर्न पूर्ण खेळा, मग पत्ते परत घेऊन तोच हात दुसऱ्या क्रमाने खेळून पाहा. वीस मिनिटं लागतात.

आता प्राइज मोजणं. डेकमध्ये एकच प्रत असलेलं कार्ड सहा प्राइजांत अडकण्याची शक्यता बरोबर १० टक्के. दोन प्रती असतील तर किमान एक अडकण्याची १९ टक्के, चार असतील तर ३५ टक्के. म्हणजे जवळजवळ प्रत्येक गेममध्ये काही ना काही कामाचं अडकलेलं असतं, आणि ते कळलं नाही तर तुम्ही चौथ्या टर्नला नसलेल्या कार्डाची वाट पाहत बसता. सराव असा करा: डेक पिसून सात कार्डं हातात घ्या, सहा उलटी ठेवा, उरलेली ४७ चाळा आणि प्राइजमध्ये काय आहे ते बोलून दाखवा. मग उलटून तपासा. सुरुवातीला दोन मिनिटं लागतील, चाळीस सेकंदांपर्यंत आणायचं. सगळीच्या सगळी ४७ मोजायच्या भानगडीत पडू नका. आधी एकेरी प्रतीची कार्डं, मग दुहेरी, मग मुख्य हल्ला करणारे पोकेमॉन, शेवटी एनर्जी. हा क्रम रोज तोच ठेवा, म्हणजे टेबलावर हात आपोआप त्या वाटेने जातो.

हिशोबाची दुसरी बाजू म्हणजे तुमची सहा प्राइज नेमकी कुठून येणार. साधा पोकेमॉन पाडला की एक, एक्स (नावापुढे ex असलेला) पाडला की दोन, मेगा एक्स पाडला की तीन. समोरच्याने फक्त एक्स मांडले असतील तर दोन, दोन, दोन, म्हणजे तीन वेळा पाडलं की गेम संपला. पण त्याने मध्ये एक साधा हल्लेखोर पुढे केला आणि तुम्ही तो पाडलात, तर एक, दोन, दोन मिळून पाचच होतात. चौथ्यांदा पाडावं लागतं आणि त्याला एक जादा टर्न मिळतो. चांगला खेळाडू हे ठरवून करतो. म्हणून साधा पोकेमॉन समोर आला की तो पाडण्याआधी बघा, बॉसेस ऑर्डर्सने बेंचवरचा एक्स ओढता येतो का. ते कार्ड सपोर्टर प्रकारचं आहे आणि टर्नला एकच सपोर्टर खेळता येतो. म्हणजे त्या टर्नला नवीन पत्ते ओढणारा सपोर्टर मिळणार नाही. तेव्हा याची तयारी आदल्या टर्नलाच करून ठेवायची असते.

हेच उलट बाजूने स्वतःवर लावून पाहा. तुमच्या बेंचवरचा प्रत्येक एक्स ही समोरच्याला दिलेली दोन प्राइज आहेत. “हातात आहे तर ठेवून देऊ” म्हणून मांडलेला कमी एचपीचा (लवकर पडणारा) तिसरा एक्स शेवटच्या दोन प्राइजांसाठी ओढला जातो. हरलेल्या गेमांत हे इतक्या वेळा दिसतं की वहीत त्याला वेगळा रकाना दिला तरी चालेल.

आता तुम्हा पाच जणांच्या रविवारबद्दल. आजवरचा रविवार तसाच ठेवा, फक्त त्यातले तीन तास सरावाचे करा. स्पर्धांत जे चार-पाच डेक जास्त दिसतात त्यांच्या याद्या घ्या, कार्डांची नावं आणि मजकूर साध्या कागदावर छापून जुन्या कार्डांपुढे स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटात) सरकवा. स्पर्धेत अशी प्रॉक्सी चालत नाही, सरावाला हरकत नाही. मग दोघं खेळतील, तिसरा शेजारी बसून लिहील, आणि दर मॅचला जागा बदलतील. लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त शिकायला मिळतं, म्हणून ती पाळी कोणी टाळू नये. तुमचा डेक मित्राला द्या आणि ज्या डेकशी तुम्ही हरता तो स्वतः चालवा. त्याला कशाची भीती वाटते हे त्याच्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही.

पहिला तास पत्ते उघडे ठेवून खेळा, बोला, चाल मागे घ्या, वाद घाला. दुसरे दोन तास मोबाइलवर ५० मिनिटांचा टायमर लावून, चाल मागे न घेता. पहिलं-दुसरं आलटून पालटून ठेवा, कारण पहिल्या खेळाडूला पहिल्या टर्नला हल्लाही करता येत नाही आणि सपोर्टरही खेळता येत नाही. दोन्ही बाजूंचा गेम अगदी वेगळा वाटतो. आणि निकालावर लगेच विश्वास ठेवू नका. दोन अगदी सारख्या ताकदीच्या डेकांमध्ये दहा गेम खेळलात तरी ठरावीक एका डेकने सात किंवा जास्त जिंकण्याची शक्यता १७ टक्के असते. सात-तीन झालं म्हणून मॅचअप (त्या डेकशी आपली लढत) चांगलं, असं म्हणता येत नाही. का जिंकलो ते सांगता आलं तरच त्या आकड्याला किंमत.

ॲप वाईट नाही, पण त्याच्यावर किती टेकायचं ते समजून घ्या. तिथल्या रँकमध्ये एकेका गेमवर निकाल लागतो, कोणतं कार्ड खेळता येईल ते उजळून दिसतं, पिसणं आणि नुकसानीची बेरीज तेच करतं. टेबलावर हे सगळं तुमच्या अंगावर येतं. दोन तासांऐवजी एक तास ॲप आणि एक तास वही, हात वाटणं, प्राइज मोजणं असं करा.

घड्याळावर थोडंसं. मोठ्या स्पर्धांत तीन गेमच्या मॅचला ५० मिनिटं असतात. वेळ संपली की चालू टर्न पुरा होतो आणि आणखी तीन टर्न मिळतात. जिंकलं की ३ गुण, बरोबरीला १, हरलं की शून्य. पहिला गेम तुम्ही ३५ मिनिटं ओढून हरलात, तर दुसरा जिंकूनही तिसरा पुरा होणं कठीण, हाती फार तर एक गुण. म्हणून वीस मिनिटांच्या आसपास विजयाची वाट दिसत नसेल तर गेम सोडून द्या आणि पुढच्या दोनांसाठी अर्धा तास राखा. पटकन सोडणं याला कमीपणा मानू नका. छोट्या दुकानांतल्या स्पर्धांत एकाच गेमचा राउंडही असतो, तेव्हा जाहिरात नीट वाचा, हा हिशोब तिथे लागू होत नाही.

सामानाची एकच गोष्ट नागपूरकरांना वेगळी सांगावी लागते, ती म्हणजे कूलर. मे महिन्यात खिडकीतल्या कूलरची ओली हवा थेट टेबलावर येते आणि चमकणारी फॉइल कार्डं कमानीसारखी वाकतात, साधी मात्र सपाट राहतात. मग बंद डेकमध्येही बोटाला कळतं की चमकणारं कार्ड कुठे आहे. स्पर्धेत जज हे खुणेची कार्डं म्हणून पकडू शकतो आणि तुमचा हेतू स्वच्छ असला तरी दंड होऊ शकतो. कूलरच्या झोतात डेक उघडा ठेवू नका, डबा घट्ट बंद होणारा घ्या, आणि ज्या कार्डाची साधी प्रत मिळते त्याची फॉइल प्रत डेकमध्ये घालू नका. स्पर्धेला नव्या स्लीव्ह, वर पाच-सहा जादा. खेळण्यांच्या दुकानात मिळणारी सोनेरी प्लास्टिकची कार्डं नकली असतात, ती स्पर्धेत चालत नाहीत. आणि डेक पुरा करण्यासाठी पाकिटं फोडत बसू नका, हवी ती कार्डं सुटी विकत घ्या. पैसे खूप वाचतात.

पिसण्याबद्दलही नीट व्हा. कार्डांचे ढीग पाडून परत रचणं म्हणजे पिसणं नव्हे, त्यातून फक्त ६० आहेत का ते मोजलं जातं. बायर आणि डायाकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली ५२ पत्त्यांसाठी दाखवलं की दोन भाग एकमेकांत सरकवून पिसणं साधारण सात वेळा करावं. ६० कार्डांना आठ वेळा करा, मग समोरच्याला कापायला द्या.

प्रवासाचंही ठरवा. रात्रभर विदर्भ एक्सप्रेसमध्ये अर्धवट झोपून सकाळी थेट पहिल्या राउंडला बसलात तर चौथ्या राउंडला डोकं चालत नाही, आणि वहीत त्या चुका “घाई” या गटात जमा होतात. जमलं तर आदल्या दिवशी पोचा. नाहीच जमलं तर निदान डेकची यादी घरूनच लिहून, दोनदा मोजून न्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, चौथा डेक. सध्या घेऊ नका. तीन डेकांपैकी ज्यात तुम्हाला क्रम सर्वांत कमी अडखळतो तो निवडा आणि दोन महिने तोच ठेवा. एका वेळी दोनच कार्डं बदला, आणि बदल वहीतल्या एखाद्या ओळीमुळे असेल तरच करा. एक तपासणी मात्र आजच करून टाका: डेकमध्ये बेसिक पोकेमॉन किती आहेत? आठच असतील तर पहिल्या सात कार्डांत एकही न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. बारा असतील तर १९, सोळा असतील तर १०. दर मलिगनला (बेसिक न आल्याने हात पुन्हा घ्यावा लागला की) समोरच्याला एक कार्ड जादा ओढता येतं, म्हणून हा आकडा किरकोळ नाही. आठ-नऊवर असाल तर आधी तो वाढवा.

चाळीस मॅच लिहून झाल्यावर क्रमाच्या आणि प्राइजच्या चुका निम्म्यावर आल्या, आणि तरीही त्याच एक-दोन डेकांशी तुम्ही पुन्हा पुन्हा हरत असाल, तर डेक बदलायला माझी पूर्ण हरकत संपली. तेव्हा वहीतली ती पानं इथे टाका, कोणता डेक घ्यायचा ते त्यांवरून नेमकं सांगता येईल. कार्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातलं नियमांचं अक्षरही तेव्हा तपासून घ्या. जुनी अक्षरं वेळोवेळी बाद होतात, आणि लवकरच बाद होणाऱ्या कार्डांवर उभा असलेला डेक आत्ता विकत घेण्यात अर्थ नाही.